मालवाहू ट्रेलर ते फिरते घर : निवाऱ्याच्या शास्त्राचा एक धडा

माल ठेवण्याची बंद पेटी आणि माणसाला राहण्याजोगी खोली यांत बाहेरून पाहता फारसे अंतर दिसत नाही. चार भिंती, वर छप्पर, खाली तळ आणि एक दार एवढे दोन्हींत असते. प्रत्यक्षात मात्र हे अंतर फार मोठे आहे. अमेरिकेत मोटारीमागे जोडावयाचे बंद मालवाहू ट्रेलर विकत घेऊन त्यांचे राहण्याजोग्या 'कॅम्पर'मध्ये, म्हणजे फिरत्या घरात, रूपांतर करण्याचा प्रघात चांगलाच रुजला आहे. अशा रूपांतरात कोणती कामे करावी लागतात आणि ती का करावी लागतात, हे समजून घेतले की कोणत्याही तात्पुरत्या निवाऱ्याची पारख करण्याची दृष्टी आपोआप येते. आपल्या राज्यात कॅरव्हॅन पर्यटनाला चालना देण्यात येत आहे. पत्र्याच्या शेड, कंटेनरच्या खोल्या, फिरते दवाखाने यांचा वापरही सर्वत्र होतो. त्या दृष्टीने या विषयाची माहिती उद्बोधक ठरावी.

पूर्वपीठिका

चाकांवरचे घर ही कल्पना नवीन नाही. भटक्या जमाती, फिरते व्यापारी आणि खेळ करणारी मंडळी शतकानुशतके गाडीतच संसार करीत आली आहेत. केवळ हौसेच्या प्रवासासाठी असे घर बांधवून घेण्याचे आरंभीचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल शल्यचिकित्सकाने १८८५ मध्ये ब्रिस्टल वॅगन वर्क्स या कारखान्याकडून घोड्यांनी ओढावयाची एक प्रशस्त गाडी तयार करवून घेतली आणि तिला 'वाँडरर' असे नाव दिले. पुढे मोटारीचा प्रसार झाल्यावर अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात मोटारीमागे जोडावयाची घरे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धसाहित्याच्या कारखान्यांजवळ कामगारांच्या निवासासाठी तेथील सरकारनेही अशा घरांचा उपयोग केला.

कारखान्यात तयार झालेले निवासी ट्रेलर महाग असतात. साधा मालवाहू ट्रेलर त्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळतो. त्याचा सांगाडा पोलादी असतो, बांधणी मजबूत असते आणि आतील जागा मोकळी असल्याने मालकाला आपल्या गरजेप्रमाणे रचना करता येते. या कारणांमुळे सुतारकामाची आवड असलेली अनेक कुटुंबे हा मार्ग पत्करतात.

पेटीची रचना

या कामासाठी बहुधा निवडला जाणारा ट्रेलर सहा फूट रुंद आणि बारा फूट लांब असतो. आतील उंची सुमारे सहा ते साडेसहा फूट असते. खाली पोलादी चौकट व एक आस, बाजूंना पोलादी नळ्यांच्या फासळ्या, त्यांवर बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आतून प्लायवुडचे अस्तर अशी त्याची घडण असते. तळही जाड प्लायवुडचाच असतो.

ही घडण मालासाठी पुरेशी आहे. खोकी, अवजारे किंवा यंत्रे यांना ऊन लागत नाही, घाम येत नाही, श्वास घ्यावा लागत नाही आणि रात्री घाबरून दार उघडण्याची वेळही येत नाही. माणसाला या सर्व गोष्टी लागतात. रूपांतराचे सारे काम या फरकातून उत्पन्न होते. पलंग, कपाटे, ओटा यांचा क्रम त्यानंतरचा होय.

भार आणि तोल

पहिला प्रश्न वजनाचा. एका आसाच्या अशा ट्रेलरचे भारासह कमाल अनुज्ञेय वजन पुष्कळदा २,९९० पौंड, म्हणजे सुमारे १,३५० किलोग्रॅम, ठेवलेले असते. या चमत्कारिक आकड्याचे कारण कायद्यात आहे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढे ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक सक्तीचे होतात. म्हणून उत्पादक त्या मर्यादेच्या थोडे अलीकडे थांबतात. रिकाम्या ट्रेलरचे वजन सुमारे ६०० किलोग्रॅम धरले तर ७५० किलोग्रॅमचा वाव उरतो. हा वाव वाटतो तितका मोठा नाही. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलोग्रॅम वजन. शंभर अँपियर-तासांची शिशाची बॅटरी सुमारे तीस किलोग्रॅम भरते. जाड लाकडाची कपाटे, गाद्या, भांडी, गॅस सिलिंडर आणि कपडे मिळून वजन पाहता पाहता वाढते. त्यामुळे अनुभवी लोक प्रत्येक वस्तूचे वजन वहीत नोंदवूनच काम करतात.

एकूण वजनाइतकेच महत्त्व त्याच्या वाटणीला आहे. बैलगाडी भरताना मागे ओझे जास्त झाले तर गाडी उलाळ होते आणि पुढे जास्त झाले तर बैलांच्या मानेवर भार येतो, हे आपल्याकडील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ट्रेलरचा नियमही हाच आहे. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढील जोडदांड्यावर यावा, असा संकेत आहे. भरलेल्या ट्रेलरचे वजन एक हजार किलोग्रॅम असेल तर जोडदांड्यावर शंभर ते दीडशे किलोग्रॅम भार असला पाहिजे. तो कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर मागच्या मागे डावीउजवीकडे डोलू लागतो, मोटार चालकाच्या ताब्यात राहत नाही आणि दोन्ही वाहने उलटू शकतात. तो फार वाढला तर मोटारीचा मागील भाग दबून पुढील चाकांची पकड सैल होते.

हा भार मोजणे अवघड नाही. प्रथम मोटारीपासून सोडविलेला संपूर्ण ट्रेलर वजनकाट्यावर उभा करावयाचा. नंतर जोडदांडा काट्याबाहेर टेकवून फक्त चाकांवरील वजन घ्यावयाचे. दोहोंतील फरक म्हणजे जोडदांड्यावरील भार होय. पाण्याची टाकी आसाच्या जवळपास बसविण्याची पद्धत आहे, कारण पाणी संपत गेले तरी तोल फारसा ढळत नाही. ओटा एका बाजूस आला तर बॅटरी दुसऱ्या बाजूस ठेवून डावाउजवा तोलही सांभाळला जातो.

हवा : सर्वांत महत्त्वाची गरज

सहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि सहा फूट उंच पेटीत जेमतेम सव्वाचारशे घनफूट हवा मावते. दार लावले की तेवढ्याच हवेत दोन माणसे रात्रभर झोपणार. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून आठ तासांत सुमारे अर्धा ते पाऊण लिटर पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. थंडीच्या रात्री हे बाष्प गार पत्र्यावर आणि पोलादी फासळ्यांवर दवाप्रमाणे जमते, अस्तरामागे झिरपते, लाकूड कुजविते आणि बुरशी आणते. आत गॅसची शेगडी पेटविली तर त्यात भरच पडते. कारण एक किलोग्रॅम द्रवरूप गॅस जळताना सुमारे दीड किलोग्रॅमहून अधिक पाण्याची वाफ तयार होते.

म्हणून छपराला पंख्याचा झरोका आणि खालच्या बाजूस हवा आत येण्याची वाट, अशा दोन्ही सोयी प्रथम केल्या जातात. अमेरिकेत छपरावरील झरोक्याचे सर्वमान्य माप चौदा इंच चौरस आहे. उष्ण व दमट हवा वर चढून झरोक्यातून बाहेर जाते आणि ताजी हवा खालून येते. एकच भोक पाडून वायुवीजन होत नाही. हवेला येण्याची आणि जाण्याची अशी दोन द्वारे लागतात.

दमट हवेपेक्षाही भयंकर शत्रू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची ओढ प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे हवेतील अल्प प्रमाणही शरीराला प्राणवायूपासून वंचित करते, आणि झोपेतल्या माणसाला जागही येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला हा वायू आत शिरल्याचे तपासातून पुढे आले. जनरेटर, शेगडी, कोळशाची शेगटी यांपैकी काहीही बंद खोलीत किंवा तिच्या लगत चालू ठेवून झोपणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होय. निवासी ट्रेलरमध्ये या वायूची सूचना देणारे उपकरण आवश्यकच मानले जाते. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारे उपकरण मात्र तळालगत बसवितात, कारण तो वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. सिलिंडर बाहेर, जोडदांड्यावर बसविण्यामागेही हेच कारण आहे.

ऊन, थंडी आणि पाऊस

पातळ पत्र्याची पेटी उन्हात भट्टीसारखी तापते आणि थंडीत बर्फासारखी गार पडते. यावर उपाय म्हणून फासळ्यांमधील पोकळीत एक ते दीड इंच जाडीचे फोमचे तक्ते बसवितात. आपल्याकडील थर्मोकोल याच जातीचे होय. परंतु फासळ्या स्वतः पोलादी असल्यामुळे त्यांच्या वाटे उष्णता आतबाहेर होतच राहते. यासाठी फासळ्यांवरूनही उष्णतारोधक पातळ थर देऊन मग अस्तर लावणे हितावह असते. असे तक्ते आगीस लवकर बळी पडतात. म्हणून ते उघडे न ठेवता अस्तराने पूर्ण झाकावे लागतात.

उष्ण प्रदेशात पहिले संरक्षण बाहेरून करावे लागते. छपराला पांढरा रंग, त्यावर थोडे अंतर सोडून सावलीचे कापड आणि उभे करण्यासाठी झाडाची छाया, हे उपाय स्वस्त आणि परिणामकारक आहेत. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखाचा विचार करता आपल्याकडे यांचे महत्त्व अधिक आहे.

खिडकी किंवा झरोक्यासाठी पत्रा कापताना फासळी तोडली जाणार नाही याची दक्षता घ्यावी लागते, अन्यथा सांगाडा दुबळा होतो. प्रत्येक सांध्याला चिकट पट्टी व जलरोधक लांबी लावतात आणि अस्तर लावण्यापूर्वी बाहेरून पाणी मारून गळती तपासतात. विजेच्या तारा आणि पाण्याच्या नळ्याही अस्तराआधीच टाकल्या जातात. भिंती बंद झाल्यावर लक्षात आलेली चूक फार महागात पडते.

वीज आणि बाहेर पडण्याची वाट

विजेची गरज वाटते तितकी मोठी नसते. शंभर अँपियर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी सुमारे १,२०० वॅट-तास वीज साठविते. शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरू देऊ नये असा नियम असल्याने वापरण्याजोगी वीज ६०० वॅट-तास धरावी. पाच वॅटचा दिवा पाच तास आणि पंचवीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर एकूण खर्च २२५ वॅट-तास होतो. शंभर वॅटची सौर तबकडी स्वच्छ उन्हात दिवसभरात चारशे वॅट-तासांच्या आसपास वीज देऊ शकते. म्हणजे दिवा, पंखा आणि दूरध्वनीचे चार्जिंग यांसाठी तेवढी पुरते. वातानुकूलनाची अपेक्षा मात्र तिच्याकडून करता येत नाही. प्रत्येक तारेच्या मार्गात योग्य क्षमतेचा फ्यूज बॅटरीजवळच असला पाहिजे, कारण प्रवासातील हादऱ्यांनी तारांचे वेष्टन घासले जाऊन ठिणगी पडण्याचा संभव असतो.

एका गोष्टीकडे नवख्या माणसाचे हमखास दुर्लक्ष होते. मालवाहू ट्रेलरची दारे बाहेरून बंद होतात. आतून उघडण्याची त्यांत योजनाच नसते. मालाला बाहेर पडावयाचे नसते, हे त्याचे कारण. अशा ट्रेलरमध्ये कोणी झोपले असता बाहेरून कडी बसली किंवा आग लागली, तर ती पेटी सापळा ठरते. म्हणून आतून सहज उघडणारे दार आणि माणूस निसटू शकेल एवढी दुसरी खिडकी या दोन वाटा असल्याखेरीज तिला घर म्हणता येणार नाही. त्याचप्रमाणे ट्रेलर चालू असताना आत माणसे बसविणे धोक्याचे आहे. तो केवळ थांबल्यावर वापरावयाचा निवारा आहे.

'कॅटरिना'चा धडा

कारखान्यात तयार झालेले निवासी ट्रेलरही निर्दोष असतातच असे नाही. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर 'कॅटरिना' चक्रीवादळाने हाहाकार उडविला. बेघर झालेल्या कुटुंबांना तेथील केंद्रीय आपत्ती यंत्रणेने मोठ्या संख्येने निवासी ट्रेलर दिले. सहलीच्या चार-आठ दिवसांसाठी बनविलेल्या या घरांत कुटुंबे महिनोन्‌महिने राहू लागली. काही काळातच डोळ्यांची आग, खोकला आणि श्वासाचा त्रास अशा तक्रारी येऊ लागल्या. डिसेंबर २००७ व जानेवारी २००८ या महिन्यांत ५१९ ट्रेलर व फिरत्या घरांतील हवा शास्त्रीय रीतीने तपासण्यात आली. तीत फॉर्माल्डिहाइड वायूचे सरासरी प्रमाण एक अब्ज भागांत ७७ भाग आढळले. नेहमीच्या घरांतील प्रमाणापेक्षा ते कितीतरी अधिक होते. प्लायवुड व भुशाच्या तक्त्यांतील चिकट द्रव्यातून हा वायू सुटतो आणि उष्णता वाढली की त्याचे प्रमाणही वाढते. त्यामुळे उन्हाळा येण्यापूर्वी रहिवाशांना हलविण्याची शिफारस करावी लागली. पुढे २०१० मध्ये अशा लाकडी तक्त्यांतील वायूवर मर्यादा घालणारा कायदा तेथे संमत झाला.

तात्पुरता निवारा म्हणून दिलेली वस्तू बहुधा तात्पुरती राहत नाही, हा या घटनेचा बोध होय. दिवसांच्या हिशेबाने बांधलेल्या खोलीत माणसे वर्षे काढतात. ती बांधतानाच या गोष्टीचा विचार झाला पाहिजे.

आपल्याकडील कायदा आणि धोरण

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. त्याच वर्षी केरळनेही असे धोरण आखले. निवासाची सोय असलेली वाहने आणि ती उभी करण्यासाठी पाणी, वीज व स्वच्छतागृह यांनी युक्त अशी उद्याने, ही या योजनांची दोन अंगे होत. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर यांची गणना केंद्र शासनाच्या २००४ च्या अधिसूचनेत परिवहनेतर वाहनांत केलेली आहे.

तथापि, आपल्या मनाप्रमाणे वाहन कापून त्याचे घर करण्याची मुभा भारतात नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ असाच स्पष्ट केला. मोटार कॅरव्हॅनच्या सुरक्षिततेसाठी ए. आय. एस. १२४ हे स्वतंत्र मानक आहे, आणि वाहनांची अशा मानकांनुसार चाचणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आपल्याच राज्यात, पुण्यात आहे. असे वाहन करवून घेऊ इच्छिणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे आवश्यक आहे. हे निर्बंध जाचक वाटले तरी तोल, हवा आणि बाहेर पडण्याची वाट यांविषयी वर जे सांगितले, त्याचेच ते कायद्यातील रूप आहे.

ग्रामीण भागासाठी या माहितीचा उपयोग

अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा व मिनेसोटा या राज्यांच्या सीमेवरील रेड नदीच्या खोऱ्यात साखरबीटाची काढणी दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास होते. त्या कामासाठी दूरवरून येणारे अनेक हंगामी कामगार स्वतःच्या निवासी ट्रेलरमध्ये राहतात. त्यांच्या तळावर पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी दिली जाते. हे वाचताना साखरेच्याच हंगामासाठी बीड आणि इतर जिल्ह्यांतून दरवर्षी स्थलांतर करणारी आपली ऊसतोडणी कामगार कुटुंबे आणि त्यांच्या कोप्या डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाहीत. तेथील ट्रेलर जसेच्या तसे येथे आणावेत, असे यातून सुचवावयाचे नाही. परंतु मुक्काम हंगामी असला तरी पाणी, प्रकाश, हवा आणि सांडपाण्याची व्यवस्था या गरजा हंगामी नसतात, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

पूरग्रस्तांसाठी पत्र्याची शेड उभारताना, बांधकामावरील मजुरांना कंटेनरची खोली देताना, फिरता दवाखाना किंवा फिरते वाचनालय गावात आले असताना, ग्रामपंचायतीच्या सदस्यांना आणि शिक्षकांना पाच साधे प्रश्न विचारता येतील. हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन वाटा आहेत काय? दार आतून उघडते काय, आणि दुसरी वाट आहे काय? चूल, शेगडी वा जनरेटर यांचा धूर झोपण्याच्या जागेपासून दूर जातो काय? छपराखाली किंवा छपरावर उष्णतारोधक थर अथवा सावली आहे काय? पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांची स्वतंत्र व्यवस्था आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर ती जागा अद्याप मालासाठीच आहे असे समजावे.

शाळेतील विज्ञानाच्या तासालाही हा विषय चांगला उपयोगी पडेल. तरफेचा नियम, बाष्पीभवन आणि सांद्रीभवन, उष्णतेचे वहन, ज्वलन, विजेचा हिशेब असे पाठ्यपुस्तकात सुटे सुटे येणारे धडे या एका पेटीत एकत्र भेटतात. वर्गाच्या खोलीचे घनफळ काढून तीत किती मुलांना किती हवा मिळते, याचा हिशेब विद्यार्थी स्वतः करू शकतील.

कॅरव्हॅन पर्यटनाच्या निमित्ताने गावात अशी वाहने येऊ लागली तर ती उभी करण्याची जागा, पाण्याचा पुरवठा आणि मैला व सांडपाणी यांची विल्हेवाट यांचे नियोजन ग्रामपंचायतीने आधीच करावे. वाहनातील मैला ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडला जाणार नाही, यावर लक्ष ठेवण्याचे कामही स्थानिक पातळीवरच होऊ शकते. असे नियोजन झाले तर पाहुण्यांचा मुक्काम सुखाचा होईल आणि गावालाही त्यापासून चार पैसे मिळतील.